‘कारण : गांजा’ — नागपूर प्रांतांतील व्यसनेतिहासाच्या साधनांची परीक्षा

अफू, गांजा व भांग ह्यांचा विषय इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. सनदा, तहनामे, वंशावळी व शिलालेख ह्यांच्या पंक्तीस चिलमीला बसविणें पुष्कळांस रुचणार नाहीं. परंतु ज्या द्रव्याच्या करानें सरकारचा खजिना भरला, ज्याच्या व्यापारापायीं चीनशीं दोन युद्धें झालीं, आणि ज्याच्या गोळीनें मजूर बायांचीं तान्हीं मुलें दिवसभर निजवून ठेवलीं गेलीं, त्या द्रव्याचा इतिहास समाजाच्या इतिहासाबाहेर ठेवतां येत नाहीं. व्यसनाची निंदा करणें हा आमचा हेतु नव्हे; तें काम संतांनीं व कीर्तनकारांनीं आमच्याहून पुष्कळ चांगलें केलें आहे. आमचा प्रश्न साधनांचा आहे. नागपूर प्रांतांत अमली द्रव्यें कोण घेत असे, किती घेत असे व त्याचें पुढें काय होत असे, हें आपणांस कोणत्या कागदावरून कळतें, आणि तो कागद कितपत विश्वासार्ह आहे?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. ह्या विषयाचा जो कागद दफ्तरांत टिकून राहिला तो मुख्यतः दोन हातांनीं लिहिलेला आहे. एक हात कर वसूल करणाऱ्या कारकुनाचा व दुसरा पोलिसाचा. पहिल्यास द्रव्य दिसतें, घेणारा मनुष्य दिसत नाहीं. दुसऱ्यास मनुष्य दिसतो, पण तो वेडा ठरल्यावर किंवा गुन्हेगार झाल्यावर. तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे घरांतला कागद, ह्या दोहोंची उणीव भरून काढूं शकतो. आणि नेमका तोच कागद आज रद्दींत जात आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्द पाहूं. ‘भंगा’ हा शब्द संस्कृतांत फार जुना आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत सोम, दर्भ व यव ह्यांच्या सोबत भंगेचें नांव येतें. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत तीळ, उडीद, जवस इत्यादिकांच्या शेतांचीं नांवें कशीं साधावीं तें सांगतांना भंगेचाही समावेश केला असून, ‘भाङ्ग्य’ व ‘भाङ्गीन’ हीं रूपें त्यावरून सिद्ध होतात. अमरसिंहानें हा शब्द वैश्यवर्गांत, म्हणजे शेतीभातीच्या शब्दांत, घातला आहे. पाणिनि व अमर ह्यांच्या स्थळांवरून भंगेची लागवड सिद्ध होते. तिची नशा सिद्ध होत नाहीं. हिच्या खोडापासून वाख निघतो व बियांपासून तेल निघतें, आणि शेतकऱ्यास तेवढें कारण पुरेसें आहे. तेव्हां वेदांत भंगा आहे म्हणून वैदिक आर्य भांग पीत होते असें जें कोणी लिहितात, त्यांनीं एका शब्दावर फार मोठी इमारत चढविली आहे असेंच म्हणावें लागतें.

अफूची गोष्ट ह्याहून निराळी आहे. चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत अफू नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत मात्र ‘अहिफेन’ स्पष्ट येतें. पचन होण्यापूर्वींच सर्व देहांत पसरणाऱ्या, म्हणजे ‘व्यवायी’, द्रव्यांचें उदाहरण म्हणून तेथें भंगा व अहिफेन हीं दोन शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत अहिफेनाचे गुणदोष सांगितले आहेत. ‘अहिफेन’ ह्याचा सापाच्या तोंडचा फेंस असा अर्थ दिसत असला तरी तें परक्या शब्दास नेसविलेलें संस्कृत वस्त्र आहे. ग्रीक ‘ओपियन’ अरबींत ‘अफयून’ झाला, व तोच इकडे ‘अफीम’, ‘अफू’ व पंडितांच्या लेखणींत ‘अहिफेन’ झाला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ह्यांतून एक उपयुक्त कसोटी मिळते. एखादें वैद्यक बाड प्राचीन आचार्याच्या नांवावर चालत असेल, आणि त्यांत अतिसारावर किंवा खोकल्यावर अहिफेनाचा योग असेल, तर तो ग्रंथ तरी उत्तरकालीन आहे, किंवा तो योग तरी मागाहून घातलेला आहे. तमाखूचा उल्लेख असेल तर मर्यादा आणखी अलीकडे येते. कारण ती वनस्पति अमेरिकेंतील असून पोर्तुगीजांच्या द्वारें सोळाव्या शतकांत आपल्याकडे आली. अक्षरवटिकेवरून किंवा कागदावरून काळ ठरविण्याच्या कामीं ही कसोटी जोडीस घ्यावी.

मराठींतील ‘अमल’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृति, कारभार असा. आपण ‘मराठ्यांचा अमल’ म्हणतों आणि ‘अफूचा अमल’ही म्हणतों. एकाच शब्दांत राज्यकर्त्याची सत्ता व द्रव्याची सत्ता दोन्ही मावल्या. संस्कृत ‘व्यसन’ शब्दाचीही तशीच स्थिति आहे. मनूनें सातव्या अध्यायांत राजाचीं अठरा व्यसनें मोजलीं, त्यांपैकीं कामजन्य दहांत मद्यपान येतें. कौटिल्यानें आठव्या अधिकरणांत राज्यावर येणाऱ्या आपत्तीस व्यसनच म्हटलें, व मनुष्यास श्रेयापासून दूर फेंकतें तें व्यसन अशी व्युत्पत्ति दिली. मनुष्यास जसें व्यसन जडतें तसें राज्यासही जडतें, हा अर्थ त्या शब्दांत आधींपासूनच आहे. पुढील विवेचनांत त्याचा प्रत्यय येईल.

२. वैद्यकाची साक्ष

आयुर्वेदानें व्यसनाकडे केवळ पाप म्हणून पाहिलें नाहीं. चरकाच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्याच्या अतिसेवनानें होणाऱ्या रोगाचा आहे. त्याहून महत्त्वाचें स्थळ सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत आहे. जें अहितकर असूनही संवयीनें अंगवळणीं पडलें तें एकदम सोडूं नये. चतुर्थांश चतुर्थांश कमी करीत, त्याच्या जागीं हितकर तें घेत, टप्प्याटप्प्यानें सोडावें, असा क्रम तेथें सांगितला आहे. ग्रंथकारापुढें अफू नव्हती, हें वर सांगितलेंच आहे. नियम सामान्य आहे. परंतु अफूच्या बाबतींत तो किती जपून पाळावा लागतो तें आजचें वैद्यक सांगतें. अफूंतील मुख्य सत्त्व जें मॉर्फिन, तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत वेगळें काढण्यांत आलें. तें मेंदूंतील विशिष्ट ग्राहकांवर काम करतें. रोज घेतल्यानें मेंदू त्यास सरावतो, तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि एकाएकीं बंद केल्यास जांभया, डोळ्यांनाकांतून पाणी, पोटांत मुरडा, जुलाब, अंगदुखी व निद्रानाश होतो. म्हणून आजचे डॉक्टर ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देऊन, मात्रा आंखून, मनुष्यास हळूहळू स्थिर करतात. ह्यावरून चरकास आजचें औषध ठाऊक होतें असा अर्थ कोणीं काढूं नये. व्यसनी मनुष्याचा देह बदललेला असतो, त्यास नुसता उपदेश पुरत नाहीं, एवढें मात्र आपल्या वैद्यांस उमगलें होतें.

३. करवसुलीचा कागद

आतां सरकारी दफ्तराकडे वळूं. बंगालमध्यें अफूचा मक्ता कंपनीनें इ. स. १७७३ मध्यें आपल्या हातीं घेतला. माळव्याची अफू संस्थानी मुलखांतली असल्यामुळें तिच्यावर मुंबईच्या वाटेनें जातांना परवान्याची रक्कम घेण्याची पद्धत पडली. चीनशीं इ. स. १८३९–४२ व १८५६–६० अशीं दोन युद्धें झालीं तीं ह्याच व्यापारापायीं. तिसरे रघूजी भोसले इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत निवर्तले, नागपूरचें राज्य खालसा झालें, व इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत बनविण्यांत आला. त्यानंतर अबकारीची सर्व व्यवस्था नव्या सरकारकडे आली. अफू माळव्याकडून येई. गांजाची लागवड मध्यप्रांतांत निमाड जिल्ह्यापुरती, म्हणजे खंडव्याच्या भागांत, परवान्यानें होऊं दिली जाई. ‘खंडव्याचा गांजा’ हें नांव व्यापारांत त्यामुळें रूढ झालें. हा भाग आज मध्यप्रदेशांत आहे.

गांजा म्हणजे काय हेंही येथें स्पष्ट करणें अवश्य आहे, कारण जुन्या कागदांत भांग, गांजा व चरस ह्यांची सरमिसळ झालेली आढळते. तिन्ही एकाच वनस्पतीचीं रूपें आहेत. पानें ती भांग. मादी झाडाचे, बीं धरूं न दिल्यामुळें राळेनें माखलेले, फुलांचे वाळविलेले शेंडे तो गांजा. आणि वेगळी गोळा केलेली राळ ती चरस. गांजा हवा असेल तर शेतांतलीं नर झाडें वेळींच उपटावीं लागतात. यासाठीं गांजाची लागवड हें जाणत्या माणसाचें काम होतें, व सरकारास त्यावर नजर ठेवणें सोपें होतें.

अबकारीच्या पत्रकांतून आपणांस कळतें तें इतकेंच : दुकानें किती, लिलांव कितीस गेला, माल किती खपला, कर किती आला. हे आंकडे बहुधा बरोबर असतात, कारण त्यांत पैशाचा संबंध असतो. परंतु खप वाढला म्हणजे घेणारे वाढले, कीं तेच लोक अधिक घेऊं लागले, कीं चोरटा माल कमी होऊन परवान्याचा माल अधिक विकला गेला, हें त्या आंकड्यांवरून ठरत नाहीं. एका शेर गांजांत पन्नास माणसांचें सणासुदीचें सेवन असूं शकतें, किंवा एकाच मनुष्याचा सत्यानाश असूं शकतो. रकाना दोहोंस एकच आहे.

४. ‘कारण’ ह्या रकान्याची कथा

दुसऱ्या प्रकारच्या कागदाची परीक्षा आमच्या आधीं, आणि फार कसोशीनें, एका सरकारी आयोगानेंच करून ठेविली आहे. संशोधकांनीं ती मुळांतून वाचावी अशी आमची विनंति आहे. साधनपरीक्षेचा असा धडा दुसरीकडे क्वचित् मिळेल.

विलायतेंत मद्य व अफू ह्यांच्या विरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींपैकीं केन ह्या सभासदानें इ. स. १८९३ च्या मार्चमध्यें पार्लमेंटांत गांजाविषयीं प्रश्न विचारला. त्यावरून हिंदुस्थान सरकारनें त्याच वर्षीं जुलैंत भांग-गांजाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. सभासदांत मध्यप्रांताच्या चाकरींत मुरलेले अँड्र्यू फ्रेझर होते, आणि ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगानें ११९३ साक्षी घेतल्या व ऑगस्ट १८९४ मध्यें सात खंडांचा अहवाल दिला. संस्कृतज्ञांस त्यांत आणखी एक आकर्षण आहे : संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील भंगेचे उल्लेख ग्रियर्सन ह्यांनीं ह्या चौकशीच्या निमित्तानें एकत्र केले.

आयोगापुढें मुख्य आरोप असा होता कीं, गांजानें माणसें वेडीं होतात. आणि पुरावा होता वेड्यांच्या इस्पितळांचीं वार्षिक पत्रकें. मध्यप्रांतांत नागपूर व जबलपूर येथें अशीं इस्पितळें होतीं, नागपूरचें इ. स. १८६४ पासूनचें आहे. सर्व प्रांतांच्या पत्रकांत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे, व त्यांत वर्षानुवर्षे ‘गांजा’ असें मोठ्या संख्येनें लिहिलेलें आढळे. पत्रकें छापील होतीं, अधिकाऱ्यांच्या सहीचीं होतीं. पुराव्यास आणखी काय हवें?

आयोगानें प्रश्न केला तो असा : हा रकाना भरतो कोण? उत्तर उद्बोधक होतें. इ. स. १८५८ च्या ३६ व्या कायद्यान्वयें रस्त्यांत भटकणारा वेडा मनुष्य पोलीस धरून मॅजिस्ट्रेटपुढें आणीत. त्याजबरोबर त्याच्या माहितीचें पत्रक तयार होई. त्यांत नांव, जात, वय, धंदा ह्यांसारखाच कारणाचाही रकाना होता. मनुष्य स्वतः सुसंगत बोलत नाहीं, नातलग जवळ नाहींत, आणि रकाना तर भरावयाचा आहे. अशा स्थितींत शिपायास जें सुचे तें पडे. जटा वाढलेल्या, अंगास राख फांसलेल्या बैराग्याच्या बाबतींत काय सुचणार तें सांगावयास नको. तेंच कारण इस्पितळाच्या नोंदवहींत उतरे, नोंदवहींतून वार्षिक पत्रकांत, पत्रकांतून प्रांताच्या अहवालांत, व अहवालांतून विलायतेंतील भाषणांत जाई. इस्पितळांचे अनेक मुख्य अधिकारी साक्षींत कबूल झाले कीं, आपण स्वतंत्र चौकशी केली नव्हती. वरून आलेलें उतरून घेतलें होतें.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका पोथीच्या सात प्रती सांपडल्या आणि सातांतही एक पाठ सारखा असला, पण त्या सातही प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असल्या, तर साक्षीदार सात नव्हेत, एकच. मूळ लेखकानें अंदाजानें लिहिलें असेल तर सात वेळां उतरल्यानें अंदाजाचें प्रमाण होत नाहीं. वेड्यांच्या इस्पितळांच्या आंकड्यांत नेमका हाच दोष होता.

मग आयोगानें इ. स. १८९२ हें एक वर्ष घेतलें. त्या वर्षीं सर्व इस्पितळांत १३४४ माणसें दाखल झालीं होतीं. त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण भांग-गांजा असें पत्रकांत होतें. म्हणजे शेंकडा सुमारें साडेसोळा. आयोगानें ह्या २२२ जणांची एकेकाची पुन्हा चौकशी करविली. जेथें शक्य तेथें घरच्या माणसांस व गांवकऱ्यांस विचारण्यांत आलें. ह्या चाळणीनंतर उरलीं ९८ माणसें. त्यांतही ६१ जणांच्या बाबतींत भांग-गांजा हेंच कारण मानतां येत होतें, आणि ३७ जणांच्या बाबतींत इतर कारणें मिसळलेलीं होतीं. शेंकडा साडेसोळांचें प्रमाण शेंकडा सुमारें सात व तीन दशांशांवर आलें, आणि मिश्र प्रकरणें वगळलीं तर साडेचारांवर. निम्म्याहून अधिक नोंदी परीक्षेंत टिकल्या नाहींत.

ह्या आंकड्यांमागें माणसें आहेत हें विसरूं नये. ज्या १२४ जणांच्या नांवापुढील कारण टिकलें नाहीं, त्यांच्या आजाराचें खरें कारण कोणीं शोधलेंच नव्हतें. ‘गांजा’ ह्या दोन अक्षरांनीं चौकशी संपविली होती. चुकीच्या नोंदीचा खरा अपाय हा कीं, ती रिकाम्या जागेस भरलेली दाखविते, आणि भरलेल्या रकान्याकडे कोणी पुन्हा पाहात नाहीं.

५. आयोगाच्या मताची मर्यादा

आयोगाचा निष्कर्ष असा होता कीं, बेताचें सेवन सामान्यतः अपायकारक नाहीं, अतिसेवन अपायकारक आहे. सबब संपूर्ण बंदी नको, कर व परवाने ह्यांनीं आळा घालावा. कांहीं लोक हा अहवाल गांजाच्या निर्दोषतेचें प्रमाणपत्र म्हणून पुढें करतात. तेंही साधनाचा अपुरा विचार करून केलेलें विधान होय. पहिली गोष्ट, राजे शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद ह्या दोघां हिंदी सभासदांनीं आपलीं भिन्न मतें अहवालास जोडलीं आहेत. दुसरी, ज्या सरकारास ह्या द्रव्यांपासून उत्पन्न होतें त्याच सरकारनें आयोग नेमला होता. त्यामुळें निष्कर्ष खोटा ठरत नाहीं, परंतु वाचकानें सावध राहिलें पाहिजे. तिसरी, आयोगानें पत्रकांतील चूक सिद्ध केली. गांजानें वेड लागतच नाहीं असें सिद्ध केलें नाहीं, आणि तसा त्याचा दावाही नव्हता. ९८ हा आंकडा शून्य नव्हे. तरुण वयांत, रोज व तीव्र प्रतीचा गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, हें आजच्या वैद्यकास मान्य आहे. ज्याच्या घराण्यांत तसा विकार आहे त्यानें तर फारच जपावें.

त्याच सुमारास अफूवर नेमलेल्या शाही आयोगाची तुलना येथें उपयोगी आहे. लॉर्ड ब्रॅसी ह्यांच्या अध्यक्षतेखालील ह्या आयोगानें इ. स. १८९५ मध्यें अहवाल दिला, व हिंदुस्थानांत अफूवर बंदी नको असें ठरविलें. हेन्री विल्सन ह्या सभासदानें विरुद्ध मत नोंदविलें. परंतु राज्याचें व्यसनही टप्प्याटप्प्यानेंच सुटलें. इ. स. १९०७ मध्यें चीनशीं करार होऊन निर्यात दरसाल एक दशांशानें घटविण्याचें ठरलें, व इ. स. १९१३ मध्यें ती बंद झाली. देशांतील औषधेतर अफू तर स्वातंत्र्यानंतर, इ. स. १९५९ पासून, बंद झाली. इ. स. १९८५ च्या कायद्यानें गांजा, चरस व अफू हीं कडक शिक्षेच्या कक्षेंत आलीं. मात्र गांजाच्या व्याख्येंतून शेंड्यांविरहित पानें वगळलीं असल्यामुळें भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. भांग व गांजा ह्यांतला जुना भेद असा कायद्यांत टिकला.

६. जें दफ्तरांत नाहीं तें

आतां ज्यांची नोंद ह्या दोन्ही हातांनीं केली नाहीं त्यांच्याकडे वळूं. नागपुरास एम्प्रेस मिल इ. स. १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झाली. गिरण्यांतून, जिनांतून व कापसाच्या शेतांतून बायका मजुरीस जाऊं लागल्या. तान्ह्या मुलानें रडूं नये म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याची चाल मुंबई, वऱ्हाड वगैरे भागांत होती, इ. स. १९३१ च्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालांत गिरणीमजूर स्त्रियांच्या मुलांस अफू देण्याचा उल्लेख आहे. ह्या गोळीनें मूल निजतें, त्याची भूक मरते, आणि मात्रा जराशी अधिक झाली तर श्वास मंदावून तें दगावतें. हें मूल अबकारीच्या पत्रकांत नाहीं. वेड्यांच्या इस्पितळांत नाहीं. पोलिसाच्या डायरींत नाहीं. मेलें तर मृत्यूच्या नोंदींत ‘ताप’ किंवा ‘अशक्तपणा’ असें कारण पडण्याचा संभव मोठा. येथेंही तोच रकाना, आणि तोच भरण्याचा प्रकार. फरक इतकाच कीं, बैराग्याच्या नांवापुढें नसलेलें द्रव्य लिहिलें गेलें, व ह्या मुलाच्या नांवापुढें असलेलें द्रव्य लिहिलें गेलें नाहीं.

ह्याच्या उलट पद्धतीचें उदाहरण अलीकडचें आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या विद्यमानें झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. तींत दोन लक्षांहून अधिक घरीं जाऊन, प्रत्यक्ष माणसांस विचारून, माहिती मिळविली होती. तींत भांग, गांजा, चरस घेणारे सुमारें ३ कोटी १० लक्ष, व अफू आणि तिच्यापासून झालेलीं किंवा तत्सम द्रव्यें घेणारे सुमारें २ कोटी २६ लक्ष आढळले. ह्या आंकड्यांतही चुकीस जागा असेल, कारण मनुष्य आपलें व्यसन लपवितो. तथापि येथें रकाना भरण्यापूर्वीं माणसास प्रश्न विचारला गेला, हा भेद मोठा आहे.

आमच्याच शहरांतील खर्ऱ्याचें उदाहरण घ्या. तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला हा पदार्थ नागपुरांत व सर्व विदर्भांत गल्लोगल्लीं मिळतो, व तोंडाच्या कर्करोगास कारण होतो. महाराष्ट्रांत गुटख्यावर इ. स. २०१२ मध्यें बंदी आली. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकास बंदीचा हुकूम सांपडेल. दिवसाकाठीं किती पुड्या खाल्ल्या जात, त्या कोणत्या वयापासून, व घरखर्चांतून किती पैसे त्यांवर जात, हें त्यास कोठें सांपडेल? आपण आज लिहून ठेवलें तरच.

७. संग्राहकांस विनंति

घरांतला कागद म्हणजे कोणता, तें आतां सांगतों. रोजकीर्दी व खतावण्या, वैद्यांचीं बाडें व रोग्यांच्या याद्या, मठांचे व देवस्थानांचे नित्यखर्च, लग्नकार्यांचे जमाखर्च, आणि खाजगी पत्रें. नागपूर व वऱ्हाड ह्या बाजूच्या जुन्या घराण्यांत असे मोडी रुमाल अजून पडून आहेत. संग्राहक त्यांतून सनद किंवा राजकारणी पत्र काढून घेतात, व किराणा-बाजाराचे बंद टाकून देतात. हे बंद टाकूं नयेत.

त्यांचा उपयोग कसा करावा ह्याचें एक गणित देतों. तोळ्याचे मासे १२, माशाच्या गुंजा ८. म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा, आजच्या मापानें सुमारें ११.६६ ग्रॅम. समजा, एखाद्या कीर्दींत वर्षांतून एकदां, पावसाळ्यांत, चार मासे अफू घेतल्याची नोंद आहे. तर तें बहुधा घरांतलें औषध. समजा, दुसऱ्या कीर्दींत दरमहा एक तोळा आहे. तर दिवसास तीन गुंजांहून अधिक पडली, आणि घरांत नेमानें घेणारा कोणी आहे असें अनुमान निघतें. तेंच प्रमाण चार वर्षांत दीड तोळा, दोन तोळे असें चढत गेलें, तर सरावलेल्या देहाची ती खूण होय. आणि एखाद्या महिन्यापासून पाव तोळा, पाव तोळा असें उतरत गेलें, तर कोणी तरी व्यसन सोडीत आहे, आणि वैद्याच्या जुन्या क्रमानें सोडीत आहे, असें समजावें. मनुष्याचें सबंध चरित्र त्या चार ओळींत असूं शकतें. करवसुलीच्या कागदांत तें कधींही दिसणार नाहीं.

नोंद घेतांना तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, द्रव्याचें नांव मूळांत जसें असेल तसेंच उतरावें. भांग, गांजा, अफू ह्यांस ‘नशेचा पदार्थ’ असें एकच नांव देऊं नये. दुसरी, नोंद कोणाच्या हातची, कशासाठीं, व ऐकीव कीं प्रत्यक्ष, तें शेजारीं लिहावें. तिसरी, घराण्याचें नांव प्रसिद्ध करूं नये. कुलाच्या अब्रूच्या भीतीनें असे कागद जाळले जातात हें आपण जाणतों. मालकास नांव गुप्त राखण्याचें वचन दिलें व तें पाळलें, तर कागद वांचेल; नांव गेल्यानें इतिहासाची हानि होत नाहीं, कागद गेल्यानें होते.

विदर्भाच्या इतिहासलेखकांनीं भोसल्यांचीं राजकारणें व लढाया ह्यांचीं साधनें मोठ्या कष्टानें जमविलीं. त्या परिश्रमांवर आपण उभे आहों. त्याच निष्ठेनें हे क्षुद्र वाटणारे कागदही जमवावे. व्यसनी मनुष्याविषयीं त्याच्या काळानें जें लिहिलें तें बहुधा घाईनें लिहिलें, आणि पुष्कळदां त्यास न विचारतां लिहिलें. तें सुधारण्याचें साधन कोणाच्या तरी माळ्यावर रुमालांत बांधलेलें आहे. येत्या पावसाळ्याआधीं तें उघडावें, एवढेंच सांगून हा लेख पुरा करतों.